बँकॉकमधील पहिला दिवस : एकट्याने उरकावयाची कामे

परदेशप्रवासाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतांशी प्रेक्षणीय स्थळांविषयी असते. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांना तेवढे पुरते, कारण बाकीची कामे त्यांच्या वतीने कोणीतरी करून ठेवलेली असतात. एकट्याने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला पहिल्या दिवशी राजवाडा किंवा बुद्धमूर्ती यांच्याआधी सिमकार्ड, सुटे पैसे, स्थानिक गाडीचे तिकीट, पिण्याचे पाणी, डोकेदुखीची गोळी आणि पोटाला चालेल असे जेवण लागते. मुंबईहून थेट विमानाने जेमतेम साडेचार तासांवर असलेल्या बँकॉकला प्रशिक्षण, वैद्यकीय उपचार, नोकरी किंवा नुसती दीर्घ सुट्टी अशा कारणांनी एकटे जाणारे मराठी प्रवासी आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

एकट्या प्रवाशाचा मुख्य धोका चोरीचा नसून साखळी तुटण्याचा असतो. फोन बंद पडला की पत्ता गेला, पत्ता गेला की निवास गेला. कार्ड चालले नाही की सगळेच अडले. दुसऱ्या कोणाच्या खिशात पर्यायी कार्ड नसते आणि रांगेत उभे राहताना पेटी सांभाळायलाही कोणी नसते. म्हणून पहिल्या दिवसाच्या कामांत क्रमाला महत्त्व आहे, आणि त्यांपैकी दोन कामे तर घर सोडण्यापूर्वीच करावयाची आहेत.

पहिले बँकेच्या कार्डाचे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० मधील आदेशानुसार, त्या वर्षीच्या मार्चपासून नव्याने दिली जाणारी कार्डे फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू केलेली असतात. परदेशातील वापर खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. हे बँकॉकच्या एटीएमसमोर उभे राहून लक्षात आले, तर दुरुस्ती करण्यासाठी फोन लागतो, आणि बँकेचा सांकेतिक क्रमांक येतो भारतीय सिमकार्डावर. त्यामुळे दुसरे काम आपोआपच ठरते : भारतीय सिमकार्ड काढून पाकिटात टाकू नये, संदेशांपुरते तरी रोमिंग चालू ठेवावे. दोन सिमकार्डे घेणारा फोन असेल तर प्रश्न उरत नाही.

प्रवेशाच्या नियमांविषयी थोडक्यात. भारतीय पासपोर्टधारकांना थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसामाफी दिली आणि १५ जुलै २०२४ पासून तिची मुदत ६० दिवसांची केली. मात्र हे नियम सरकारी निर्णयाने बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. पूर्वी विमानात वाटल्या जाणाऱ्या कागदी अर्जाच्या जागी १ मे २०२५ पासून इंटरनेटवरून भरावयाचा आगमन अर्ज आला आहे. तो पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरावयाचा असतो आणि त्याला शुल्क नाही. शुल्क मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे, एवढे ओळखावे. इलेक्ट्रॉनिक सिगारेट वापरणाऱ्यांनी ती घरीच ठेवावी, कारण ती देशात आणण्यास २०१४ पासून बंदी आहे.

विमानतळावरून शहरात

मुंबईची बरीच विमाने सुवर्णभूमी विमानतळावर उतरतात, काही स्वस्त सेवा जुन्या दोन म्युआंग विमानतळावर. २००६ मध्ये सुरू झालेल्या सुवर्णभूमीचे नाव वाचताना मराठी माणसाला घरच्यासारखे वाटते. तेथील निर्गमन कक्षात समुद्रमंथनाचे प्रचंड शिल्पही आहे, पण ते पाहण्याची सवड परतीच्या दिवशीच मिळते. पहिल्या दिवशी खाली जावे. दुसऱ्या मजल्यावर आगमन कक्ष, पहिल्या मजल्यावर टॅक्सी आणि तळघरात रेल्वे अशी रचना आहे. तळघरात रेल्वेच्या प्रवेशद्वाराजवळ पैसे बदलून देणाऱ्या खासगी गाळ्यांची रांग असून तेथील दर वरच्या मजल्यांवरील बँकांच्या खिडक्यांपेक्षा सहसा बरे असतात. सामान घेऊन एवढे खाली उतरण्याचा कंटाळा करणारे पहिल्याच तासात एका जेवणाचे पैसे घालवतात.

शहरात जाण्यास २०१० मध्ये सुरू झालेली विमानतळ रेल्वे सर्वांत सरळ. ती सुमारे अर्ध्या तासात फया थाई स्थानकात पोहोचते; तेथे बीटीएस ही उन्नत रेल्वे मिळते. वाटेतील मक्कासन स्थानकावरून पुलाने चालत गेले की फेत्चबुरी हे मेट्रोचे भुयारी स्थानक येते. शेवटपर्यंतचे तिकीट ४५ बाटच्या घरात आहे. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याला टॅक्सीवाचून गत्यंतर नाही. पहिल्या मजल्यावरील यंत्रातून चिठ्ठी घ्यावी, तिच्यावर टॅक्सीच्या जागेचा क्रमांक असतो. मीटर लहान टॅक्सीत ३५ बाटपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे ५० बाट अधिभार म्हणून द्यावे लागतात आणि द्रुतगती मार्गाचा टोल प्रवाशाकडे असतो. हे तिन्ही कायदेशीर आहेत. मीटर न टाकता ठोक रक्कम सांगणारा चालक मात्र कायदेशीर नाही. चिठ्ठी स्वतःजवळ ठेवावी, त्याला देऊ नये.

सिमकार्ड विमानतळावरच घ्यावे की शहरात, यावर प्रवाशांत दोन मते आहेत. शहरात ते स्वस्त मिळते, हे खरे. तरीही एकट्याने जाणाऱ्याने विमानतळावरच घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाचणारे शे-दोनशे बाट पहिल्या दोन तासांतील नकाशाहून मोलाचे नाहीत. पासपोर्ट दाखवून नोंदणी करणे २०१५ पासून बंधनकारक आहे. एआयएस आणि ट्रू ही दोन मोठी नावे. डीटॅक ही तिसरी कंपनी मार्च २०२३ मध्ये ट्रूमध्ये विलीन झाली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतील तिच्याविषयीचा सल्ला आता निरुपयोगी आहे. खिडकी सोडण्यापूर्वी इंटरनेट चालू झाल्याचे पाहावे आणि निवासाचा पत्ता थाई लिपीत फोनमध्ये साठवून घ्यावा.

पत्ता वाचता येणे

थाई लिपीतील पत्त्याचा आग्रह विनाकारण नाही. बँकॉकमधील पुष्कळ नावे संस्कृत-पालीतून आलेली आहेत आणि ती कागदावर ओळखीची वाटतात, पण कानाला परकी असतात. लेखनात सुवर्णभूमी, उच्चारात ‘सुवन्नफूम’. श्री अयोध्या नावाचा रस्ता आहे, त्याला ‘सी अयुत्थया’ म्हणतात. चौथ्या रामाच्या नावाचा रस्ता टॅक्सीवाल्याला ‘रामा फोर’ म्हणून सांगितला तर कळेलच असे नाही. ‘फ्रा राम सी’ म्हटले की तो लगेच मान डोलावतो. शब्दाच्या शेवटचा ‘ल’ थाई जिभेवर ‘न’ होतो, म्हणून ‘सेंट्रल’ या दुकानसमूहाचे नाव ‘सेन-थ्रान’ असे ऐकू येते. आपण शुद्ध बोलत असल्याचा अभिमान येथे कामाचा नाही.

उलट पाट्यांवरील काही शब्द मराठी वाचकाला एकदा उकलले की विसरत नाहीत. बँकेला ‘थनाखान’ म्हणतात, म्हणजे आपले धनागार. टपालाला ‘प्रायसनी’, मूळ शब्द प्रेषणीय. दूरध्वनी ‘थोरसप’, म्हणजे दूरशब्द. स्थानक ‘सथानी’, भोजन ‘आहान’, भाषा ‘फासा’ आणि वेळ म्हणजे ‘वेला’. शहराचे ५० ‘खेत’ आहेत, म्हणजे प्रशासकीय विभाग. हा शब्द क्षेत्रावरूनच आला आहे, आणि आपले शेतही.

पत्त्यात आधी घरक्रमांक येतो. त्यात तिरकी रेघ असली, उदाहरणार्थ ४८/१२, तर मूळ ४८ क्रमांकाच्या जागेचे पुढे तुकडे पडले आणि त्यांतील हा बारावा, असा अर्थ. शेजारचे घर ४९ असेलच असे नाही. नंतर ‘सोइ’, म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली गल्ली. तिला क्रमांक असतो, विषम क्रमांक एका बाजूला आणि सम दुसऱ्या. येथपर्यंत सोपे आहे; पण दोन्ही बाजूंचे क्रमांक एकमेकांसमोर येत नाहीत. कंबोडियाच्या सीमेजवळील त्रात प्रांतापर्यंत जाणाऱ्या सुखुमवित रस्त्यावर सोइ ५५ समोर सोइ ५६ शोधणारा निराश होतो, कारण त्या ठिकाणी पलीकडे क्रमांक अजून चाळिशीच्या आत-बाहेरच असतात. म्हणून कोणालाही विचारताना क्रमांकाऐवजी जवळचे स्थानक सांगावे. लांबलचक सोइच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले दुचाकीवाले उभे असतात. थोड्या बाटांत ते आत नेऊन सोडतात. पाठीवर मोठे ओझे असताना आणि शिरस्त्राण मिळत नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

निवासावर पोहोचल्यानंतर दोन गोष्टी. खोली दुपारी दोनपूर्वी मिळत नाही, पण पेटी ठेवून घेतात, पावती घ्यावी. आणि अनामत रोख द्यावी, पासपोर्ट कदापि गहाण ठेवू नये. नोंद करून घेण्यासाठी त्याची छायाप्रत पुरते. हॉटेलऐवजी ओळखीच्या घरी उतरणाऱ्यांनी यजमानाला एक आठवण करून द्यावी : परदेशी पाहुणा आल्याची खबर चोवीस तासांत इमिग्रेशन कार्यालयाला देण्याची जबाबदारी घरमालकावर असते. पुढे मुदतवाढीसाठी अर्ज करण्याची वेळ आली की ही नोंद विचारली जाते, आणि नसली तर आतिथ्य करणाऱ्याला दंड भरावा लागू शकतो.

पैसे, सुटे आणि मोठे

भारतातून निघताना प्रत्येकाला २५,००० रुपयांपर्यंत भारतीय चलन बाहेर नेता येते, आणि बँकॉकमधील मोठ्या गाळ्यांत ते बदलूनही मिळते. मात्र दर डॉलरइतका अनुकूल नसतो. डॉलर न्यावयाचे तर शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात. लहान किंवा मळक्या नोटांना कमी दर देण्याची तेथे पद्धत आहे. शहरात राचदमरी रस्त्याच्या परिसरात सुपररिच नावाचे हिरव्या आणि नारिंगी पाट्यांचे दोन प्रतिस्पर्धी गाळे आहेत. पासपोर्ट बरोबर असावा लागतो.

एटीएमवर परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी दोनशे बाटांहून अधिक शुल्क पडते, रक्कम कितीही असो. तेव्हा थोडे थोडे काढण्यात तोटा आहे. यंत्र एक प्रश्न विचारते : आकारणी बाटमध्ये करू की रुपयांत? रुपयांचा आकडा डोळ्यांसमोर दिसतो म्हणून तो बरा वाटतो, परंतु त्यात यंत्रवाल्या बँकेचा दर लागतो आणि तो महाग असतो. नकार देऊन बाट निवडावेत. शिवाय कित्येक यंत्रांतून पैसे आधी आणि कार्ड नंतर बाहेर येते. नोटा मोजत निघून जाणाऱ्याचे कार्ड यंत्र गिळून टाकते, आणि आपल्या साखळीतील एक कडी तेथेच निखळते. हा व्यवहार शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेल्या यंत्रावर, शाखा उघडी असताना करावा.

मिळालेल्या हजाराच्या नोटेचा लगेच मोड करावा. शेवयांच्या गाडीवर पन्नास-साठ बाटांसाठी हजाराची नोट पुढे करणे हे मुंबईत वडापावसाठी पाचशेची नोट काढण्यासारखेच आहे. त्यावर उपाय कोपऱ्यावर असतोच. १९८९ मध्ये पॅटपाँग भागात पहिले दुकान उघडलेल्या सेव्हन-इलेव्हनची थायलंडभर आज १४ हजारांहून अधिक दुकाने आहेत. पाण्याची बाटली, दंतमंजन, छत्री, फोनची तार यांतील काहीही घेऊन नोट मोडता येते. स्थानिक लोक सर्वत्र क्यूआर चिन्हावर पैसे देताना दिसतात, तरी ती सोय तेथील बँक खात्याशी जोडलेली असते. आपले यूपीआय तेथे सर्रास चालेल, असे गृहीत धरून निघू नये. नोटेवर राजाची प्रतिमा असते. उडून गेलेली नोट पायाने दाबून धरू नये. राजाच्या अवमानाबद्दल तेथे तीन ते पंधरा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, आणि ती पुस्तकात राहिलेली नाही. राजघराण्याविषयीच्या गप्पा अनोळखी माणसाशी टाळाव्यात, हे यातच आले.

स्थानिक प्रवासासाठी एकच कार्ड सगळीकडे चालत नाही, ही बँकॉकची जुनी दुखरी नस आहे. १९९९ मध्ये सुरू झालेली बीटीएस आणि २००४ मध्ये आलेली मेट्रो या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. मेट्रोच्या फाटकावर स्पर्शाने चालणारे बँक कार्ड २०२२ पासून घेतले जाते; बीटीएससाठी रॅबिट कार्ड किंवा एकेरी तिकीट घ्यावे. पुढील शहराचे रेल्वे तिकीट काढावयाचे असेल तर लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या १९ जानेवारी २०२३ पासून १९१६ सालच्या हुआ लम्फाँग स्थानकाऐवजी क्रुंग थेप अफिवत या नव्या स्थानकावरून सुटतात, हे ध्यानात ठेवावे. दोन्हींमध्ये अंतर बरेच आहे आणि जुने पुस्तक हातात घेऊन चुकीच्या स्थानकावर पोहोचणारे अजूनही आढळतात.

जेवण आणि औषध

शाकाहारी मराठी प्रवाशाची पहिल्या दिवशी खरी परीक्षा होते ती दुपारी. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण मासळीचा रस, ‘नाम प्ला’, हा थाई स्वयंपाकात मिठासारखा वापरला जातो, आणि भाजीत कालवांचा रस पडलेला असतो. त्यात फसवणूक नसते. स्वयंपाकिणीच्या लेखी ते मांस नव्हेच. येथे दोन शब्द कामी येतात. ‘मंगसविरत’ म्हणजे मांसविरती. यात अंडे आणि दूध चालू शकते. ‘जे’ हा चिनी परंपरेतून आलेला शब्द त्याहून कडक आहे. त्यात मासळीचा रस, अंडी आणि दूध तर नाहीतच, पण लसूण आणि कांद्याच्या जातीचे पदार्थही वर्ज्य. जैन वाचकांना हे चांगले उमजेल, मात्र कंदमुळे त्यात चालतात, हा फरक लक्षात असावा. ‘जे’चे अक्षर पिवळ्या पताकेवर लाल रंगात लिहिलेले असते. त्याचे चित्र फोनमध्ये ठेवून तीच पताका शोधत जाणे, हा शब्द उच्चारण्यापेक्षा खात्रीचा मार्ग.

एकट्याला बसण्यासाठी दुकानसंकुलांतील भोजनगृहे सोयीची. असोक स्थानकाजवळील टर्मिनल २१ किंवा नॅशनल स्टेडियमजवळील एमबीके येथे अशी भोजनगृहे आहेत. अशा ठिकाणी बहुधा आधी खिडकीवर पैसे भरून कार्ड घ्यावयाचे, खाल्ल्यानंतर उरलेली रक्कम परत मिळते. ती घेण्यास विसरू नये. एमबीकेमध्येच फोनची दुरुस्ती, काचेचे आवरण, चार्जर अशी किरकोळ कामेही होतात. विजेचा दाब आपल्यासारखाच, २२० व्होल्ट. पण आपल्याकडील जाड त्रिशूळी प्लग तेथे बसत नाही.

घरची चव, मसाले किंवा पोळी हवी असेल तर फाहुरत गाठावे. पाचवा राम चुलालोंगकोर्न याच्या कन्येच्या नावाने ओळखला जाणारा हा भाग कापडबाजारासाठी प्रसिद्ध असून सोनेरी घुमटाचा शीख गुरुद्वारा ही तेथील खूण. २०१९ मध्ये मेट्रोचे साम योत स्थानक झाल्यापासून तेथे जाणे सोपे झाले आहे. लगतच्या संपेंग गल्लीत शिरले तर दिवसाची बाकीची कामे राहतील, एवढा इशारा पुरे.

औषधांच्या दुकानावर हिरवी फुली असते. आपल्याकडील औषधाचे व्यापारी नाव तेथे कोणाला ठाऊक नसते, म्हणून नेहमीच्या प्रत्येक गोळीचे मूळ रासायनिक नाव आणि मात्रा कागदावर लिहून न्यावी. डॉक्टरांची चिठ्ठी तर हवीच. वेष्टनावरील वर्ष पाहून दचकू नये. थायलंडमध्ये बौद्ध संवत्सर चालते आणि ते इसवी सनापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे आहे. ७० असे दोन अंकी वर्ष छापले असेल तर ते २५७०, म्हणजे २०२७. दुधाच्या पिशवीपासून धुलाईच्या पावतीपर्यंत ही तारीख भेटत राहते. नळाचे पाणी सहसा कोणी पीत नाही. गल्लीबोळांत नाणे टाकून शुद्ध पाणी देणारी यंत्रे असतात, तेथे आपली बाटली भरून घ्यावी. मुक्काम मोठा असेल तर बाटल्यांवर होणारा खर्च बराच वाचतो.

दुपारी राजवाड्याच्या बाजूला कोणी नीटनेटका गृहस्थ भेटून ‘आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरी मंदिरे दाखवण्याची व्यवस्था करतो’ असे म्हणाला, आणि वीस बाटांत फिरवणारा टुकटुक लगेच हजर झाला, तर शेवटचे मंदिर रत्नांचे दुकान असते. राजवाडा रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. समूहातील कोणीतरी शंका काढतो. एकट्याला ती स्वतःच काढावी लागते. एकट्या स्त्रियांना दिवसा या शहरात वावरणे फारसे जड जात नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. रात्री मात्र रस्त्यावरून हात करून टॅक्सी घेण्यापेक्षा ग्रॅबसारख्या सेवेची गाडी बोलवावी आणि तिचा मार्ग घरच्यांना पाठवावा. त्या सेवेची नोंदणी भारतातून निघतानाच करून ठेवलेली बरी. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, नेहमीच्या पोलिसांचा १९१, रुग्णवाहिकेचा १६६९. हे तीन आकडे फोनमध्ये तर असावेतच, शिवाय कागदावरही. आणि त्याच कागदावर सुखुमवित सोइ २३ मधील भारतीय वकिलातीचा पत्ता लिहावा. पासपोर्ट हरवला तर पोलिसांकडील नोंदीची प्रत घेऊन जावयाचे ते तेथेच.

संध्याकाळी सहा वाजता स्थानकावर किंवा उद्यानात सगळे लोक एकाएकी थांबलेले दिसले तर गोंधळू नये. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता राष्ट्रगीत वाजते. आपणही मिनिटभर उभे राहावे. बँकॉकचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने पुढे आहे. खोलीवर येऊन, कपडे धुलाईला टाकून रात्री साडेनऊला घरी फोन केला, तर महाराष्ट्रात तेव्हा आठ वाजलेले असतात.